काचेपाशी लावलेला दिवा

उर्मिया
आबान महिना, शुक्रवार दुपार

माझ्या एल्दारला,

थोरल्या बहिणीचा सलाम आणि कपाळावर एक पापा. तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते असं लिहायची आपली रीत, पण तू चार ओळींच्या वर कधी लिहीत नाहीस, म्हणून या खेपेला अर्धाच जीव टाकते. तुझी जागा रिकामी आहे. हेही सगळेच लिहितात, पण आमच्याकडे ती खरोखर रिकामी दिसते. जेवायला बसलो की बाबा अजून तुझ्या बाजूला रोटी सरकवतात आणि मग माझ्यावरच खेकसतात, "ती कुणासाठी ठेवलीस?"

हे पत्र तेमूर आणून देईल. यंदा सफरचंदं चांगली आली आहेत, त्यामुळे त्याचा ट्रक सारखा सीमेपलीकडे, तुझ्या वानच्या फेऱ्या मारतो. पत्र सफरचंदांच्या पेटीच्या तळाशी असेल. त्याच्यासमोर फोडू नकोस, माणूस सोन्यासारखा आहे पण तोंडात तीळ भिजत नाही. आणि फोन करू नकोस. मागच्या वेळी तुझा आवाज ऐकताच मी फोन ठेवला, तेव्हा तुला राग आला असेल. येऊ दे. रागावलेला भाऊ परवडला.

सोबत अक्रोड घातलेली नुक्लची मिठाई आणि द्राक्षाची काकवी आहे. मिठाई एकट्याने संपव, त्या चहाच्या दुकानात वाटत बसू नकोस.

बाबा बरे आहेत. थोडा खोकला आहे, पण या गावात खोकला आता कुणाला नाही? पूर्वेचा वारा सुटला की आटलेल्या दर्याच्या तळाचं मीठ उडत घरात येतं. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून चाटलं तर खारट लागतं. मी एका नवरीचा झगा शिवतेय, तो चादरीत गुंडाळून कपाटात ठेवावा लागतो. बाबा म्हणतात, "आधी आम्ही दर्यावर जायचो, आता तोच भेटीला येतो. म्हातारपणी एवढा मान मिळाला."

त्यांची नाव अजून तिथेच आहे, कोरड्या मिठावर, एका कुशीवर कललेली. शरदात पाण्यावर लाल-तपकिरी साय धरायची ती तुला आठवत असेल. ती साय, ती कोळंबीची इवली अंडी, गोळा करून, धुऊन, वाळवून पोत्यांत भरण्यात बाबांचा जन्म गेला. आता पाणी नाही, तर साय कुठली? आपल्या दर्याची अंडी म्हणून जगात जी काही उरली असतील, त्यातली एक बरणी आपल्या स्वयंपाकघरात आहे. दालचिनीच्या भुकटीसारखी दिसतात. मलाहत खानम शेजारून आल्या होत्या, त्यांनी खरंच चिमूटभर चहात घातली. बाबा इतके हसले की खोकल्याची उबळ थांबेना.

ती बरणी बाबा माशांवर खर्च करताहेत. आई गेल्यावर त्यांनी ती काचेची टाकी आणली, ते तुला लिहिलं होतं. आता त्यात एंजल मासे आहेत, चपटे, काळ्या पट्ट्यांचे. रोज चिमूटभर अंडी मिठाच्या पाण्यात टाकायची, ते बूड कापलेल्या बाटलीत भरून ती उलटी टांगायची, खालून हवा सोडायची. दुसऱ्या दिवशी पाणी केशरी होतं. ते पाणी फडक्यातून गाळलं की फडक्यावर जे हलतं ती पिल्लं. डोळे बारीक केले तरच दिसतात. कितीतरी वर्षं बरणीत वाळून पडलेली अंडी, आणि पाणी लागलं की जिवंत. बाबांना त्याचं कौतुक संपत नाही.

मग रात्री खोलीतले सगळे दिवे मालवायचे आणि टाकीच्या एका कोपऱ्याला, काचेला अगदी चिकटून, एक छोटा दिवा लावायचा. पिल्लं टाकीत सोडली की पाण्यात विखरून जातात, क्षणभर वाटतं संपलीच. पण ती उजेडाकडेच पोहतात, त्यांना दुसरं काही येत नाही. हळूहळू कोपऱ्यात केशरी ढग जमतो. आणि मासे तिथे आधीपासून असतात. हल्ली तर पिल्लं सोडायच्या आधी, नुसता दिवा लावला की येऊन उभे राहतात. हलत नाहीत. फक्त कल्ले हलतात. मग एकेक टिपायला लागतात, अगदी सावकाश, घाई कसलीच नाही. लहान माशांच्या पोटातून केशरी रंग आरपार दिसतो.

मला ते बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय झोपायलाही जाववत नाही. बाबा म्हणतात, "तुला काय वाईट वाटतं? तीच येतात चालून."

गल्लीच्या तोंडाशी हल्ली एक पांढरी गाडी उभी असते. मलाहत खानम म्हणतात कुणाचा तरी पाहुणा असेल. असेल.

थंडी पडायला लागली, गळा झाकून झोप.

तुझी
मारलबाजी

*

उर्मिया
दय महिना, बर्फ पडतंय

एल्दार, गाढवा,

बाबा जिवंत आहेत.

आधी हे वाच, पाणी पी, मग पुढे वाच. तुझं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "मिठाई आणि काकवी दोन्ही पाठवलीस, म्हणजे नक्की कुणीतरी गेलंय," हे वाक्य ऐकून म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. म्हणाले, "लिही त्याला, मी मेलो की स्वतः कळवीन, तुझ्यावर सोडणार नाही."

तुझंही चुकत नाही म्हणा. आईच्या वेळी आम्ही पाच महिने लपवलं. परमुलखात असलेल्याच्या कानावर मरणाची बातमी घालायची नाही, त्याला भिंतीशी एकट्याने रडायला लावायचं नाही, ही आपल्या सगळ्यांची रीत. तिचं फळ काय, तर त्या चहाच्या दुकानात कुणा परक्या माणसाने तुझे हात हातात घेऊन सांत्वन केलं आणि तुला कळेना की कशाचं. तेव्हापासून मी "सगळं बरं आहे" लिहिलं की तू सीमेचा डोंगर उतरायचे बूट शोधायला लागतोस. म्हणून आज खरं लिहिते.

बाबांची फुप्फुसं मिठाने भरली आहेत. डॉक्टर म्हणाले, हे गाव सोडा. बाबा म्हणाले, "गावानेच मला सोडलेलं नाही अजून." पलंगाशी प्राणवायूचं नळकांडं ठेवलंय. जिना चढत नाहीत. पण जीभ शाबूत आहे, आणि तुझी खात्री पटावी म्हणून त्यांनी हे सांगून लिहायला लावलंय: "लहान असताना तू नावेतून पडलास, तेव्हा बुडत नाहीस म्हणून रडलास की नाही? पाय खाली घालायचास, पाणी तुला वर ढकलायचं, आणि तू बोंबलत होतास, 'बाबा, मी आत जात नाहीये!' ही गोष्ट तुझ्या बायकोला सांगायची म्हणून राखून ठेवली होती. बायको कर, नाहीतर फुकट जाईल."

पटलं?

आता दुसरं. ते बसून वाच.

पांढऱ्या गाडीतला माणूस घरी येऊन गेला. रात्री, माशांना घालायच्या वेळेला. दारात बूट काढले. आजाऱ्याला नेतात तसे अननसाचे डबे घेऊन आला होता. नाव विचारलं तर म्हणाला, "दोस्त समजा." दारात आलेल्या पाहुण्याला परत कसं पाठवायचं? मी चहा ठेवला. तो बाबांच्या शेजारी बसून अशा मायेने तब्येत विचारत होता की कुणाला जावई वाटावा.

"मशदी, मुलाची काही खबर?"

"मुलं खबर देतात होय हल्ली?" बाबा म्हणाले.

"तुम्ही एवढे आजारी. येईलच की."

"त्याला कुठे ठाऊक आहे मी आजारी आहे."

"कळतं हो," तो म्हणाला. "आज ना उद्या. आणि अल्ला तुम्हाला उदंड आयुष्य देवो, पण उद्या काही बरंवाईट झालं तर चाळिसाव्या दिवशी बापाच्या कबरीवर मुलगा आल्याशिवाय राहील का? आपले संस्कार आहेत."

साखरेचा खडा दातांत धरून तो चहा प्यायला. मग त्याचं लक्ष टाकीकडे गेलं. पिल्लं मी मघाशीच सोडली होती. तो उठून जवळ गेला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. साधं तोंड, एल्दार. बाजारात दिसलं असतं तर मी पत्ता विचारला असता.

"आपणहून येतात?"

"उजेडाला," बाबा म्हणाले.

"आणि मासे?"

"त्यांना सवय झालीय."

तो हसला. म्हणाला, "छान सोय आहे तुमची, मशदी. पाठीमागे धावायला नको." चहा छान होता असंही म्हणाला, आणि गेला.

दर्या आटतोय, त्याला पाणी सोडा, एवढं तू चौकात उभा राहून ओरडलास. तुझ्या शेजारी उभा राहून ओरडलेला इल्यास एका रात्री अशाच गाडीत बसला, त्यानंतर त्याच्या आईने त्याला पाहिलेलं नाही. ती अजून त्याचे सदरे धुऊन वाळत घालते. हे तुला मी का सांगतेय, तुलाच जास्त ठाऊक आहे.

तो गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "मी गेलो की गल्लीतल्या भिंतींवर निधनाची पत्रकं चिकटवायची नाहीत. दारावर काळं कापड नाही. चाळिसावा नाही. मला पहाटे चोरासारखं पुरून ये. आणि त्याला कळवू नकोस, उन्हाळा लागेपर्यंत तरी."

मी भडकले. म्हटलं, लोक माझ्या तोंडात शेण घालतील, बापाचं साधं पत्रक काढलं नाही म्हणून. तर म्हणतात, "तोवर माझ्या तोंडात माती गेलेली असेल. दोघं मिळून गप्प बसू."

हसलो आम्ही दोघं. पण मला फार भीती वाटतेय, एल्दार. मी उगाच शूरपणा दाखवत नाही. कुणी काहीही सांगितलं तरी तू तिथून हलू नकोस. बाबांना भेटायची इच्छा होत असेल, दात-ओठ खाऊन सहन कर. मी इथे आहे. माझ्याकडून त्यांचं काही कमी पडत नाही.

तुझी जागा रिकामी आहे.

मारलबाजी

*

उर्मिया
बहमन महिना

प्रिय एल्दार,

तेमूर निघालाय, दारात उभा आहे, म्हणून दोनच ओळी. बर्फाने रस्ता बंद होता. आम्ही सगळे बरे आहोत. बाबा आता खोकत नाहीत. मासे बरे आहेत. तुझ्यासाठी लोकरीचे मोजे पाठवतेय, हिरवे, रंग आवडला नाही तर आत घाल.

मारल

*

उर्मिया
इस्फंद महिना, बुधवार

एल्दार, माझ्या सोन्या,

नवरोज जवळ आला. सगळ्या गल्लीत सतरंज्या धुणं चाललंय, पायरीपायरीवरून साबणाचं पाणी वाहतंय. बाजारात लाल मासे विकायला आलेत, मुलं पिशव्या उंच धरून चालतात. मी गहू भिजत घातलेत. उगवून आले की ताटलीत लावीन. मी कधीपासून हेच लिहितेय, तीनदा कागद टाकून दिला.

बाबा गेले. बहमनच्या बर्फात गेले. हिरवे मोजे पाठवले तेव्हा ते जमिनीत होते.

तुला हे माझ्याआधी भिंतीवरच्या पत्रकाने सांगितलं, हे मला काल तेमूरकडून कळलं. पुन्हा तेच झालं. मी तोंड झाकून घेतलं तेव्हा तेमूर म्हणाला, "बाजी, तो चहाच्या दुकानात फोनवर ते पत्रक सगळ्यांना दाखवत होता. म्हणत होता, माझी बहीण मला मोजे पाठवते आणि माझं नाव पत्रकावर छापते." पुढचंही त्याने सांगितलं. तू जाड तळाचे बूट घेतलेस. तुझ्या खोलीला कुलूप आहे.

तुला माझा किती राग आलाय हे मला इथे बसून कळतंय. ये आणि मला मार, असं म्हटलं असतं. पण म्हणत नाही. आधी ऐक.

ते पत्रक मी छापलेलं नाही.

मी बाबांना पहाटे पुरलं, त्यांनी सांगितलं तसंच. तेमूर होता, मलाहत खानम होत्या, खणणारे दोघं होते. हलवा केला नाही. महिनाभर गल्लीतल्या बायका माझ्याशी बोलल्या नाहीत, मी दुकानात शिरले की भाव विचारायला लागायच्या. मी सोसलं. आणि मग एका सकाळी दार उघडलं तर समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो. काळी चौकट, सुरेख अक्षर. रोटीच्या भट्टीपासून मशिदीपर्यंत, बाजाराच्या कमानीपर्यंत सगळीकडे. चाळिसावा, वर्षाचा शेवटचा गुरुवार, कबरस्तानात. शोकाकुल: पुत्र एल्दार. त्याखाली मी. फोटो कोणता, सांगू? नावेतला. तो आपल्या घराच्या भिंतीवर आहे. पांढऱ्या गाडीतला आला त्या रात्री चहा आणायला मी आत गेले होते, तेवढ्यात त्याने तो टिपून घेतला असणार. दुसरं कोण येणार?

मी पत्रकं फाडली. संध्याकाळपर्यंत नवी लागली. बायका येऊन माझ्या गळ्यात पडल्या. मलाहत खानम रडत म्हणाल्या, "शेवटी केलंस हो, पोरी. उगीच तुला बोलले." मी काय सांगणार होते? "मी केलं नाही" असं म्हटलं असतं तर "मग कुणी केलं?" हे कुणीच विचारलं नसतं. सगळ्या उठून घरी गेल्या असत्या.

चाळिसावा वगैरे काही नाही, एल्दार. मी कुणाला बोलावलेलं नाही. बाबांनीही बोलावलेलं नाही.

आईच्या वेळी खोटं लिहिलं, मोज्यांच्या वेळी खोटं लिहिलं, तेव्हा आता खरं लिहिलेलं तुला का पटावं? म्हणून बाबांची शेवटची रात्र सांगते. ती माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. तुझ्यासाठी ती वेगळी, चांगल्या शब्दांत लिहायची ठरवली होती. आता वेळ नाही.

त्या दिवशी बरणीच्या तळाशी अर्धा चमचा अंडी उरली होती. बाबा म्हणाले, सगळीच घाल. दुसऱ्या रात्री बाटली केशरी गच्च झाली. मी त्यांना उशांना टेकवून टाकीसमोर बसवलं. पिल्लं सोडली. इतकी कधीच सोडली नव्हती. सगळं पाणी हलत होतं. मग ती नेहमीसारखी कोपऱ्यात जमायला लागली आणि मासे येऊन उभे राहिले. बाबांनी तोंडावरची नळी काढली. मला वाटलं पाणी हवंय.

"मारल, दिवा मालव."

मी म्हटलं, अंधारात तुम्हाला काय दिसणार?

"मला नको दिसायला. माशांना नको दिसायला. मालव."

मी मालवला. किती वेळ बसलो कोण जाणे. त्यांचा हात माझ्या हातात होता, खरखरीत, मिठाने भेगाळलेला. अंधारात एकदा म्हणाले, "बघ, आता जाऊ देत त्यांना हवं तिकडे." मग तुझं नाव घेतलं. बोलावलं नाही, नुसतं घेतलं, तू शेजारच्या खोलीत असल्यासारखं. त्यानंतर काही बोलले नाहीत. श्वास कधी थांबला ते मला कळलं नाही, हवेच्या पंपाचा आवाज चालू होता.

उजाडल्यावर मी टाकीकडे पाहिलं. पिल्लं सगळ्या पाण्यात पसरलेली होती. बरीचशी जिवंत होती. गोड्या पाण्यात ती फार टिकत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण सकाळ त्यांनी पाहिली. मी बाबांचे डोळे मिटायचे सोडून तेच बघत बसले होते, मला माफ कर.

आता शेवटचं. काल संध्याकाळी माणसं येऊन आपल्या दारावर काळं कापड लावून गेली. त्याच्यावर एक मोठा दिवा. शेजाऱ्यांना वाटतं मशिदीने लावला. रात्रभर जळतो, अख्खी गल्ली उजळते, डोंगराच्या उतरणीवरून आपलं दार ओळखू येईल इतका. मी घरातले सगळे खटके बंद करून पाहिले. मुख्य खटकाही पाडला. घर अंधारात गेलं, तो दिवा जळतच राहिला. त्याची तार आपल्या घरातून येत नाही, एल्दार. खांबावरून येते. आणि गल्लीच्या तोंडाशी आता एक नाही, दोन गाड्या आहेत.

हे पत्र मी दोनदा लिहिलंय. एक तेमूर त्या चहाच्या दुकानात ठेवील. दुसरं सीमेच्या अलीकडच्या शेवटच्या वाडीत, त्याच्या मावशीकडे, जिथे डोंगरातून उतरलेले सगळेच पाणी प्यायला थांबतात. तू हे कुठे वाचतोयस ते मला कळणार नाही. दुकानात वाचत असलास तर बूट काढ. वाडीत वाचत असलास तर ज्या वाटेने आलास तिने, आत्ता, अंधारातच, मागे फिर. बापाला खांदा दिला नाही म्हणून जन्मभर रड, मला शिव्या घाल, पण जन्मभर.

उद्या गुरुवार आहे. मी कबरस्तानात एकटी उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पायातले बूट बघेन.

दरवेळी लिहिते तेच लिहिते. तुझी जागा रिकामी आहे. ती रिकामीच राहू दे. येऊ नकोस.

तुझी, आता घरातली एकटीच
मारलबाजी